पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलाचा युनिफॉर्म: साइझच्या आधी हुक आणि बटणं बघा

मे महिना संपत आला की पुण्यात लक्ष्मी रोडवर युनिफॉर्मच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, तिकडे अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांची तीच गर्दी, आणि या सगळ्यात घामेजलेलं चार वर्षांचं पोर काउंटरपाशी उभं करून आपण शर्ट त्याच्या पाठीला लावून बघतो, खांदा जुळला की "एक साइझ मोठाच द्या" म्हणतो आणि पिशवी घेऊन निघतो. मोठ्या मुलाच्या वेळी मी अगदी हेच केलं होतं. ज्युनिअर केजीची चड्डी, पुढे लोखंडी हुक, त्याखाली चेन, वरून बकलचा पट्टा. पहिल्या आठवड्यात तो दोनदा ओल्या कपड्यांची पिशवी घेऊन घरी आला. नंतर कपडे कोरडे यायला लागले म्हणून मला बरं वाटलं, पण पाण्याची बाटली पण जशी भरून दिली तशीच परत यायला लागली. दोन दिवस खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "आई, पाणी प्यायलं की शू लागते, आणि हुक निघत नाही." त्या हुकापायी पोराने पाणी पिणं सोडलं होतं. ऐकून मला रडूच आलं. धाकटीच्या वेळी मग मी सगळं वेगळ्या पद्धतीने केलं, ते इथे लिहितेय.

दुकानात जायच्या आधी शाळेत विचारून या. कमरेला पूर्ण इलॅस्टिक चालेल का, वेल्क्रोचे बूट चालतील का, टाय रोज लागते का, पीटीचा ड्रेस कुठल्या वारी. आपण गृहीत धरतो की दुकानात जसा मिळतो तसाच युनिफॉर्म पाहिजे, पण आमच्या शाळेत रंग, चेक्स आणि खिशावरचा बॅज एवढंच ठरलेलं होतं, चड्डीला आत काय लावलंय याने त्यांना काहीच फरक पडत नव्हता. टीचरनी तर उलट आनंदाने हो म्हटलं, कारण वर्गात पंचवीस-तीस मुलं आणि मावशी एक-दोन, सगळ्यांची बटणं त्या तरी कुठे कुठे लावत बसणार.

आता चड्डी किंवा पॅंट. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, बाकी एक वेळ कमी-जास्त झालं तरी चालेल. लोखंडी हुक काढायला एका हाताने कापड धरून दुसऱ्या हाताने आत ओढून मग बाजूला सरकवावं लागतं, दोन्ही हातांनी दोन वेगळी कामं, ती पण घाईची लागलेली असताना. चार-साडेचार वर्षांच्या बऱ्याच मुलांना ते जमत नाही, आणि त्यात मुलाची काही चूक नाही. चेनची तर मला भीतीच वाटते, घाईत कातडी अडकते. म्हणून केजीसाठी सरळ पूर्ण इलॅस्टिकची, बिनचेनची चड्डी घ्या. तयार मिळाली नाही तर कापड घेऊन टेलरकाकांकडून शिवून घ्या, किंवा दुकानातली घेऊन हुक काढून मागच्या अर्ध्या कमरेत इलॅस्टिक आणि पुढे टिचबटण लावून घ्या. टिचबटण लावायला थोडा जोर लागतो पण काढायला नुसतं ओढलं की निघतं, आणि आपल्याला घाई असते ती काढायचीच. इलॅस्टिक कमीत कमी एक इंच रुंदीचं सांगा, बारीक इलॅस्टिक दोन-चार धुण्यांत गुंडाळतं आणि पोटावर वळ उठतात. कंबर आणि इलॅस्टिकच्या मध्ये आपली दोन बोटं आरामात गेली पाहिजेत, तीही मूल जेवल्यानंतर बघा.

भोकं असलेली इलॅस्टिकची पट्टी पण मिळते, आतून बटणाला अडकवायची, म्हणजे कंबर वाढली की एक भोक पुढे. असलं सामान, टिचबटणं, वेल्क्रो, रविवार पेठेत बोहरी आळीत मीटरवर आणि डझनावर मिळतं, टेलरकाकांकडे नसेल तर आपण आणून द्यायचं.

पीटीच्या ट्रॅकपॅंटला इलॅस्टिक असूनही वर एक नाडी असते बघा, ती पहिल्याच दिवशी ओढून काढून टाका. मुलं खेळता खेळता तिला गाठ मारतात आणि ती गाठ मोठ्यांनाही सुटत नाही.

मुलींच्या ट्युनिकचं वेगळं. ट्युनिकची चेन पाठीवर असली तरी बाथरूमला जाताना ती उघडावी लागत नाही, त्यामुळे तेवढी काळजी नाही, पण लांबी बघा. वाढत्या अंगाचा म्हणून नडगीपर्यंत ट्युनिक घेतला की भारतीय पद्धतीच्या संडासात बसताना मागचा घेर हमखास ओला होतो आणि मग ती पोरगी दिवसभर तशीच बसते. गुडघ्यापर्यंतच घ्या, पाहिजे तर आत दोन इंच कापड दुमडून ठेवायला सांगा. चार-पाच वर्षांची मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतात, म्हणजे दोन इंच कापड आत असलं की पुढच्या वर्षी नुसती शिलाई उसवून काम भागतं. आतल्या चड्डीचं पण तेवढंच बघा, अगदी अंगाला घट्ट बसणारी सायकलिंग शॉर्ट घामाने चिकटते आणि लहान हातांनी खाली होत नाही, थोडी सैल सुती घ्या. बॉक्स प्लीटचा स्कर्ट असेल तर रोज इस्त्री आली, साध्या चुण्यांचा चालत असेल तर तो घ्या.

शर्टाची बटणं. नव्या शर्टाचं काज इतकं घट्ट असतं की आपल्यालाच जोर लावावा लागतो, म्हणून शर्ट आणल्या आणल्या प्रत्येक बटण दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, काज सैल होतं. आणि बटण जर कापडाला अगदी चिकटून शिवलेलं असेल तर ते काढून परत शिवा, बटणाखाली दोऱ्याचे तीन-चार वेढे देऊन त्याला थोडी मान ठेवा, मग बोटात धरता येतं. गळ्याजवळचं बटण मुलाला दिसतच नाही, तिथे आतून टिचबटण लावून वरून नुसतं शोभेचं बटण शिवलं की झालं. बटणं लावायला शिकवताना खालून सुरुवात करायला सांगा, खालचं दिसतं आणि वर-खाली पण होत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, काढणं आधी येतं, लावणं नंतर येतं, त्यामुळे काढता येतंय पण लावता येत नाही म्हणून रागावू नका.

टाय इलॅस्टिकचीच घ्या आणि पट्ट्याला बकलऐवजी अडकवायचा आकडा असलेला इलॅस्टिकचा पट्टा. इलॅस्टिकच्या चड्डीवर पट्टा लागतच नाही, फक्त सोमवारी असेंब्लीला लागत असेल तर सोमवारीच द्या.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी चावतो. शाळेचेच मोजे घालून, उभं करून माप बघा, पुढे आपल्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरे. दोन साइझ मोठा घेऊन पुढे कापूस कोंबायचा हा उद्योग करू नका, मुलं जिन्यावर अडखळून पडतात. लेस बांधणं सहा वर्षांच्या आसपास जमायला लागतं, तोपर्यंत वेल्क्रो. वेल्क्रोमध्ये एका बाजूला बारीक आकडे असतात आणि दुसऱ्या बाजूला दोऱ्याचे फासे, शेतातून फिरून आल्यावर पॅंटला गोखरू चिकटतं तोच प्रकार, म्हणून त्या आकड्यांत मोज्यांचे धागे आणि केस अडकत राहतात आणि पट्टी चिकटेनाशी होते. महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने घासा आणि धुताना पट्टी कायम बंद करून धुवा. डावा-उजवा कळण्यासाठी एक स्टिकर मधोमध कापून अर्धा या बुटात आणि अर्धा त्या बुटात चिकटवा, चित्र जुळलं की बूट बरोबर. धाकटी हे एका दिवसात शिकली.

कापडाचं. दुकानदार टेरीकॉट दाखवतो, म्हणजे पॉलिस्टर आणि कॉटन एकत्र, साधारण ६५-३५ च्या आसपास पॉलिस्टर जास्त. शुद्ध कॉटन अंगाला चांगलं, ज्यांची शाळा एप्रिलमध्येच सुरू होते त्यांनी शर्ट तरी जास्त कॉटनचा बघावा, त्या दिवसात पुण्यात पारा ४० पर्यंत जातो. पण बाकीच्यांची शाळा जूनमध्ये सुरू होते आणि पाठोपाठ पाऊस येतो, तेव्हा कॉटनचा शर्ट गॅलरीत दोन दोन दिवस वाळत नाही आणि वास मारतो, इस्त्री करावी लागते ते वेगळंच. आम्ही शर्ट मिक्स घेतला आणि बनियन शुद्ध सुती, घाम बनियन शोषतं. शिवून घेत असाल तर सुती कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून मगच टेलरकडे द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. तीन शर्ट आणि दोन चड्ड्या यात आमचं पावसाळ्यात पण व्यवस्थित चालतं, त्यात गुरुवारी पाणी बंद असलं तरी एक जोड हाताशी राहतो. पांढऱ्या शर्टावर भाजीचा पिवळा डाग पडला आणि साबण लावल्यावर लाल झाला तर घाबरू नका, हळद साबणाने लाल होतेच, धुऊन उन्हात टाका, उन्हाने ती फिकी होते. आता जुलैमध्ये ऊन नसतं, म्हणून पांढऱ्या ड्रेसच्या दिवशी मी डब्यात तूप-साखर पोळीचा रोल देते.

रेनकोट दप्तरावरून जाईल असा घ्या, नाहीतर मूल कोरडं आणि वह्या ओल्या. बटणांपेक्षा पुढे वेल्क्रो असलेला बरा. स्वेटर डिसेंबरमध्ये लागतो, सकाळी सातच्या व्हॅनला चांगलीच थंडी असते आणि अकराला उकडतं, म्हणजे तो मुलाला स्वतः काढता आला पाहिजे, गळा मोठा असलेला किंवा पुढून चेनचा. खाली चेन अडकवणं कठीण असतं, तेवढं सकाळी आपण लावून द्यायचं आणि वर-खाली करायला शिकवायचं, चेनला एक जाड दोऱ्याचा गोंडा बांधला की पकडता येते.

प्रत्येक कपड्यावर नाव घाला. आतल्या लेबलवर धुतल्यावर न जाणाऱ्या पेनने, आणि मूल अजून वाचत नसेल तर नावाशेजारी एक ठरलेलं चित्र, आमच्याकडे मासा होता. वर्गात सगळ्यांचे स्वेटर सारखेच असतात, मासा शोधायला सोपं जातं. नाव कॉलरच्या आत घाला, बाहेरून दिसेल असं नको, अनोळखी माणसाला मुलाचं नाव कळायला नको.

आणि हे सगळं आणून झालं की मे महिन्यातच, शाळेच्या दोन-तीन आठवडे आधीपासून, घरात सराव करा. पूर्ण युनिफॉर्म घालून, बूट-मोजे सकट, मुलाला बाथरूमला पाठवा आणि बाहेर उभं राहून मनात वीस आकडे मोजा. वीसच्या आत चड्डी खाली आली पाहिजे. नाही आली तर मुलाला बोलू नका, जे अडलं ते बदला, बटण, काज, इलॅस्टिक, जे असेल ते. सासूबाई आधी म्हणायच्या, एवढं काय त्यात, शिकेल शाळेत, पण मग त्याच रोज दुपारी तिच्याबरोबर "चड्डी वर, चड्डी खाली" असा खेळ खेळायला लागल्या आणि दहा दिवसांत धाकटी एकटी जायला लागली. हात धुताना बाही वर करणं पण तेव्हाच शिकवलं, नाहीतर मनगटापर्यंत ओली बाही घेऊन मुलं डबा खातात.

एवढं करून पण एखाद्या दिवशी होतंच, म्हणून दप्तरात एक जोड चड्डी-बनियन आणि एक प्लास्टिकची पिशवी कायम ठेवा, आणि पिशवी कुठल्या कप्प्यात आहे ते मुलाला दाखवून ठेवा, कारण टीचरना सांगायला ते लाजलं तरी स्वतः काढून मावशींच्या हातात देऊ शकतं. पहिले काही दिवस घरी आल्यावर आधी बाटली बघा, किती प्यायली ते.