बावन्नातून सत्तावीस गेले, पस्तीस कसे उरले?

पहिली ते चौथीचा वर्ग हाती आला की बहुतेक नव्या शिक्षकांना वाटतं, विषयाचं एवढं काय, वाचन आणि बेरीज-वजाबाकी तर येतेच. खरी परीक्षा वर्ग सांभाळण्याची. मग वह्या तपासताना ५२ − २७ = ३५ असं उत्तर दिसतं. त्यावर लाल फुली पडते, खाली ‘पुन्हा सोडव’ लिहिलं जातं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वहीत ६४ − ३८ = ३४ येतं. हे मूल निष्काळजी नाही. ते इमानेइतबारे एक नियम पाळतंय: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. हा नियमही त्याने बहुधा आपल्याकडूनच उचललेला असतो, कारण पहिलीत आपण सांगून मोकळे होतो की लहानातून मोठं जात नाही.

मुलांच्या वजाबाकीतल्या चुका अशा नियमाला धरून असतात, हे ब्राउन आणि बर्टन या अभ्यासकांनी १९७८ मध्येच तपशिलात दाखवलं होतं. पुढे १९८६ मध्ये शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी वेगळाच मुद्दा मांडला: विषय स्वतःला येणं आणि तो दुसऱ्याला शिकवण्यासाठी लागणारं त्या विषयाचं ज्ञान, या दोन गोष्टी एक नाहीत. प्राथमिकला हा फरक फार भोवतो. ५२ − २७ = २५ हे कुणालाही येतं. ३५ कुठून आलं हे ओळखता येणं, हे आपल्या पेशाचं ज्ञान.

वजाबाकीचाच धागा पुढे नेऊ. खरी अडचण ४०३ − १७८ सारख्या उदाहरणात येते, कारण दशकाच्या घरात शून्य आहे आणि ‘शेजारून उसनं घे’ म्हणावं तर शेजारी रिकामा. काही मुलं सरळ शतकातून एक घेऊन एककाला देतात, मधलं शून्य तसंच ठेवतात. म्हणून आधी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे दोन अंकी संख्यांसाठी वापरा. गठ्ठा सोडला की दहा सुट्या काड्या होतात, हे मुलाच्या हाताला कळलं पाहिजे. तीन अंकी संख्यांना काड्या पुरत नाहीत, तिथे कागदी नोटा बऱ्या. चौघांच्या गटाला शंभरच्या ५, दहाच्या २० आणि एकच्या २० नोटा पुरतात. ४०३ मांडा. शंभरची एक मोडून दहाच्या १० घ्या, त्यातली एक मोडून एकच्या १० घ्या. आता ३ शतक, ९ दशक, १३ एकक. प्रत्येक मोडीनंतर एकच प्रश्न विचारा: ‘आता एकूण किती?’ उत्तर दर वेळी ४०३ च यायला हवं. ‘उसनं’ या शब्दाने नेमकं हेच झाकलं जातं. कुणी कुणाला काही दिलेलं नाही, तीच संख्या वेगळ्या तऱ्हेने मांडली आहे.

साहित्य वापरूनही पाठ फसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: आधी तासभर काड्यांचा खेळ, मग काड्या गोळा करून फळ्यावर उदाहरणं. मुलाला त्या दोन वेगळ्याच गोष्टी वाटतात. नोट मोडली की त्याच क्षणी वहीत ४ खोडून ३ लिहायचा, दशकाच्या शून्यावर १० लिहायचे. हात आणि पेन्सिल एकाच वेळी चालली पाहिजे.

मराठीत याच्याही आधीचा एक अडसर आहे, तो म्हणजे संख्यांची नावं. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना पाच आधी. म्हणून ऐकून लिहिताना ३५ होतं. ‘एकोणसाठ’ ऐकून मूल ६९ लिहितं, कारण त्याला साठ ऐकू येतं आणि नऊ कुठेतरी हवा एवढंच ठाऊक असतं. १९ पासून ८९ पर्यंतची एकोणवाली नावं पुढच्या दशकाकडे बोट दाखवतात, आणि नव्व्याण्णव मात्र या चालीला अपवाद. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आणलं, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. कुणाची बाजू घ्यायची ते घ्या, पण अडचण खरी आहे हे मान्य करा. व्यवहारात दोन्ही नावं जोडीने चालवावीत: ‘पन्नास आणि तीन, त्रेपन्न’. श्रुतलेखनात आकड्यांच्या चुका तपासताना दोन ढीग करा. अंक उलटे पडले तर अडचण नावाची. ‘एकशे पाच’ला १००५ लिहिलं तर अडचण स्थानिक किमतीची. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

वाचनाकडे येताना पहिलीच्या शिक्षकाला देवनागरीची रचना पक्की माहीत हवी. अ ते ज्ञ क्रमाने मुळाक्षरं शिकवली तर शब्द वाचायला मिळेपर्यंत मूल कंटाळून जातं. त्याऐवजी चार-पाच अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हांचा गट घ्या. म, क, र, ब आणि काना एवढ्यावर काका, मका, बाक, काम, मार, बाबा, राम हे शब्द पहिल्याच आठवड्यात हाती लागतात. दिसायला सारखी अक्षरं (घ-ध, भ-म, थ-य, ब-व) एका गटात कधीच घेऊ नका. एक घट्ट बसल्यावर दुसरं आणा. ‘ख’ला मूल ‘रव’ वाचत असेल तर ते अक्षर पाहत नाहीये असं नाही, उलट फार बारकाईने पाहतंय.

इथून पुढची काही वळणं मूल स्वतःहून ओलांडेल असं समजू नका. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, उच्चारात नंतर. एकाच अनुस्वाराचा उच्चार ‘पंखा’, ‘आंबा’ आणि ‘तंत्र’मध्ये वेगवेगळा होतो. ‘चार’ आणि ‘चाक’मधला च एक नाही, ‘जीव’ आणि ‘जाड’मधला ज एक नाही, लिपी मात्र तीच. जोडाक्षरातला र तर चार वेषांत भेटतो: सूर्य, चक्र, राष्ट्र, दुसऱ्या. हे चारही एकाच दिवशी फळ्यावर मांडण्याचा मोह आवरा.

‘मुलगा’ हा शब्द बोलताना ल अर्धाच उच्चारला जातो. म्हणून श्रुतलेखनात ‘मुल्गा’ लिहिणाऱ्याचा कान चांगला आहे, त्याला लेखनाचा संकेत सांगायचा बाकी आहे. उलट ‘पुस्तक’ला ‘पुसतक’ वाचणाऱ्याला जोडाक्षर फोडता येत नाही. दोघांनाही ‘दहा वेळा लिही’ हा एकच उपाय दिला तर दोघांचाही वेळ गेला.

ऱ्हस्व-दीर्घाचं भय शिक्षकांनाही असतं. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतले दोन-तीन नियम प्राथमिकचं बरंचसं काम भागवतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ (कवी, गुरू, ‘आणि’ हा अपवाद). शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर मराठी शब्दात त्याआधीचा इकार-उकार दीर्घ: वीट, मूल, दूध. प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व: विटेला, मुलाला, दुधात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ‘गुण’, ‘विष’ यांसारखे शब्द या चालीत बसत नाहीत, ते वेगळे लक्षात ठेवायचे. फूल-फुलात, सूत-सुताने अशा जोड्या गोळा करायला लावल्या तर तिसरी-चौथीची मुलं नियम स्वतःच सांगतात.

आता मोजमाप. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या, पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत अभियानाची लक्ष्यं तुम्हाला पाठ असलेली बरी, कारण विचारणा त्यांचीच होते: दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचं वाचन, तिसरीअखेर किमान ६० शब्द आणि तेही अर्थासह, संख्यांमध्ये दुसरीला ९९९ पर्यंत, तिसरीला ९,९९९ पर्यंत. चाचणी घेताना मुलाने न पाहिलेला ७०-८० शब्दांचा उतारा घ्या, मिनिट लावा, चुकलेला शब्द आपल्या प्रतीवर खूण करून बाजूला तो कसा वाचला तेही लिहा. आकड्यापेक्षा ही बाजूची नोंदच पुढे कामाला येते. एक सावधगिरी: मराठी शब्द प्रत्ययांनी लांबतात. ‘घरासमोरच्या’ हा एक शब्द आणि ‘घर’ हाही एकच, त्यामुळे दोन वेगळ्या उताऱ्यांवरचे आकडे समोरासमोर ठेवून प्रगती झाली किंवा घसरण झाली असं ठरवू नका.

उतारा वाचूनही उत्तरं चुकत असतील तर? गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र इथे फार उपयोगी पडतं: वाचनातलं आकलन म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, म्हणून एक बाजू शून्य तर सगळंच शून्य. वर्गात हे तपासायला पाच मिनिटं लागतात. उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तेच प्रश्न तोंडी विचारा. आता उत्तरं आली तर मूल लिपीत अडकलंय, त्याला अक्षरगटांचा सराव हवा. आताही आली नाहीत तर शब्दसंपत्ती तोकडी आहे, अक्षरं घोटून काही होणार नाही; त्याला रोज गोष्ट ऐकवणं आणि त्यावर बोलतं करणं हाच उपाय. घरची भाषा कोरकू, गोंडी किंवा भिली असेल तर ही दुसरी शक्यता आधी तपासावी.

पुन्हा गणित. पहिली-दुसरीत सोयीसाठी सांगितलेले काही नियम चौथी-पाचवीत उलटतात. ‘दहाने गुणलं की शून्य जोड’ हा नियम पाळून मूल २.५ × १० = २.५० लिहितं. ‘एकूण म्हटलं की बेरीज, जास्त म्हटलं की बेरीज’ हा तर सगळ्यात घातक. ‘रमाकडे १५ मणी आहेत, ते मीनाच्या मण्यांपेक्षा ६ ने जास्त आहेत. मीनाकडे किती?’ वर्गातून २१ चा गजर होतो. आकडे झाकून आधी फक्त ‘कुणाकडे जास्त?’ हे विचारलं तर तो गजर बराच ओसरतो. ८ + ४ = □ + ५ हेही एकदा देऊन पाहा. १२ किंवा १७ आलं तर मुलांना = म्हणजे ‘उत्तर लिही’ एवढंच कळलंय. ६१२ ÷ ६ = १२ लिहिणाऱ्याला भागाकार पुन्हा शिकवण्याआधी विचारा, सहा शंभर किती? सहाशे. मग उत्तर शंभराहून लहान कसं?

स्वतःची तयारी तपासायची असेल तर १ ३/४ ÷ १/२ साठी एक शाब्दिक उदाहरण तयार करा. लिपिंग मा यांच्या अभ्यासात २३ अमेरिकी शिक्षकांपैकी एकालाच बरोबर गोष्ट रचता आली, ७२ चिनी शिक्षकांपैकी ६५ जणांना. बहुतेकांची गाडी ‘दोघांत वाटले’वर जाते, पण तो २ ने भागाकार झाला. पावणेदोन मीटर दोरीचे अर्ध्या मीटरचे तुकडे किती, हे बरोबर: साडेतीन. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मराठीत आयते आहेत, मुलांच्या कानावरूनही गेलेले असतात. अपूर्णांकाचा पाठ त्यांच्यापासून सुरू करायला हरकत नाही.

प्रत्येक घटक शिकवण्याआधी त्या घटकातली सगळी उदाहरणं स्वतः सोडवा आणि प्रत्येकापुढे एक संभाव्य चुकीचं उत्तर लिहा. पुढच्या दोन इयत्तांत तोच घटक कुठे जातो ते पुस्तकं उघडून पाहा. रोज पाच वह्या नीट वाचा, चाळीस वह्यांवर बरोबर-चूक करण्यापेक्षा ते जास्त कामाचं आहे. फुलीऐवजी एका ओळीत चुकीचा नियम लिहून ठेवा: ‘मोठ्यातून लहान’, ‘एकोण = पुढचं दशक’, ‘जोडाक्षर फोडत नाही’. महिन्याभरात त्याच पाच-सहा ओळी पुन्हा पुन्हा येतात, आणि पुढच्या आठवड्याचे गट त्यांवरूनच करता येतात. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला जाताना टक्केवारीच्या तक्त्यासोबत अशा तीन वह्याही न्या आणि शेजारच्या शाळेतल्या बाईंना विचारा, हे उत्तर कसं आलं असेल.