व्हाइट मेटलचे बारीक भाग जोडताना

व्हाइट मेटल म्हणजे मॉडेलचे ओतीव भाग ज्याचे बनतात तो धातू: बहुतेक कथील, त्यात शिसे, अँटिमनी किंवा बिस्मथ. प्रमाणानुसार ते साधारण 180 ते 250 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते. नेहमीचे 60/40 सोल्डरही (धातू जोडायचा मिश्रधातू, 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसे) 183 ते 190 अंशांना वितळते. म्हणून साधी सोल्डरिंग आयर्न टेकवली की सांध्याआधी भागच वाहून जातो. यासाठी 70 अंशांना वितळणारे सोल्डर वापरा.

आधी सफाई. साच्यातली पावडर साबणाच्या पाण्याने जुन्या ब्रशने काढा आणि साच्याच्या जोडाची शिवणरेषा जुन्या कानशीने घासा. हा धातू कानशीचे दात बुजवतो, त्यामुळे आधी कानशीवर खडू चोळा. जोडायची जागा चकचकीत दिसेपर्यंत खरवडा. काळसर पृष्ठभागावर सोल्डर पसरत नाही, मण्यासारखे गोळा होते.

तापमान बदलता येणारी सोल्डरिंग आयर्न 150 ते 180 अंशांवर ठेवा आणि ओतकामाच्या उरलेल्या दांड्यावर आधी टेकवून बघा. दांडा मऊ पडला तर तापमान उतरवा. बिटवर, म्हणजे आयर्नच्या टोकावर, जुने सोल्डर असेल तर पुसून काढा. ते मिसळले की 70 अंशांचा गुण जातो. भाग चिकटपट्टीने किंवा लाकडी चिमट्याने धरा, कारण लोखंडी पक्कड उष्णता ओढून घेते. सांध्याला फॉस्फोरिक आम्लाचे फ्लक्स (पृष्ठभाग साफ करून सोल्डर पसरवणारे द्रव) भरपूर लावा, सोल्डरचा छोटा तुकडा ठेवा आणि बिट सेकंदभर टेकवा. फ्लक्स उकळले की सोल्डर फटीत धावते. नाही धावले तर बिट दाबून धरू नका, फ्लक्स पुन्हा लावा. बिघडण्याचे कारण बहुतेक वेळा उष्णता नसून फ्लक्सची कंजुषी असते.

पितळेला हे सोल्डर धड धरत नाही. पितळेवर आधी साध्या सोल्डरची कल्हई करा, थंड होऊ द्या, मग व्हाइट मेटल जोडा.

चुकलेला सांधा उकळत्या पाण्यात टाकला की सुटतो, भागाला इजा होत नाही. पण याच कारणाने फ्लक्स धुताना पाणी कोमटच हवे. चिमूटभर धुण्याचा सोडा घाला. आम्ल राहिले तर रंगाखाली बुरशीसारखा पांढरा थर येतो.

दिव्यासारख्या अगदी किरकोळ भागांना सुपरग्लू पुरे. मात्र हे ग्लू धक्क्याला ठिसूळ असते. हात, हँडल अशा बाहेर आलेल्या भागांत 0.5 मिमीचे भोक 2-3 मिमी खोल पाडून पितळी तारेची खुंटी घाला आणि इपॉक्सीने चिकटवा. ड्रिल मधूनमधून उलटे फिरवून बाहेर काढा, नाहीतर अडकून तुटते.

खोलीत हवा खेळती ठेवा, वाफ नाकात घेऊ नका. सोल्डर अनावश्यक तापवूही नका, कारण 70 अंशांच्या काही सोल्डरमध्ये कॅडमियम असते. शिशाची कीस ओल्या कापडाने पुसा आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.