केअर होममध्ये साथ शिरली तर काय करायचं: टेस्ट, भेटी आणि रोजची काळजी

मी ज्येष्ठांच्या निवासी केअर होममध्ये नर्सिंगचं काम बघते. म्हणजे हॉस्पिटल नाही, जिथे आजी-आजोबा कायमचे राहतात, एकेका खोलीत दोघं तिघं, अंघोळीला हात लागतो, भरवावं लागतं, अशी जागा. कोविड किंवा फ्लूची साथ आली की पहिला विचार येतो तो दार बंद करायचा, आणि मी मुद्दाम सांगते की नुसतं दार बंद करून भागत नाही. मुलगा, सून, नात यांना बाहेर ठेवलं तरी आम्ही रोज तीन शिफ्टमध्ये आत-बाहेर करतोच, स्वयंपाकी येतो, कपडे धुणारा येतो, फिजिओ येतो. बऱ्याचदा विषाणू आत येतो तो आमच्याबरोबरच. म्हणून टेस्ट, मास्क, हवा, हात हे सगळं आधी स्टाफमध्ये नीट बसवायचं आणि मग भेटायला येणाऱ्यांना तेच शिकवायचं.

ओळखायचं कसं

ताप आणि खोकल्याची वाट बघत बसू नका. म्हाताऱ्या माणसांत लक्षणं वेगळीच दिसतात, एकदम गोंधळल्यासारखं होणं, पडणं, जेवण सोडणं, दिवसा झोपून राहणं. आमच्याकडे एक आजी रोज सकाळी उठल्या उठल्या स्वतःचे केस विंचरायच्या, कोणी मदत करायला गेलं की हात झटकायच्या. एका सकाळी कंगवा हातात धरून नुसत्या बसून होत्या. ताप नाही, खोकला नाही, ऑक्सिजन ठीक. ड्युटीवरची मुलगी म्हणाली काहीतरी बिघडलंय, टेस्ट करूया, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली. मशीनच्या आधी त्या मुलीला कळलं कारण ती रोज त्यांना बघत होती. म्हणून शक्य असेल तर ठरलेला स्टाफ ठरलेल्या खोल्यांनाच द्या.

तापाचा आकडाही वेगळा धरायचा. तोंडात मोजलेलं तापमान एकदा जरी ३७.८ अंश सेल्सियसच्या वर गेलं तर ताप समजायचा, ३७.२ च्या वर पुन्हा पुन्हा दिसलं तरी समजायचा, आणि त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा १.१ अंशाने वाढलं तरीही. पण नेहमीचं किती हे माहीत असायला हवं ना, तर साथ नसतानाच प्रत्येकाचं तापमान, ऑक्सिजन, वजन लिहून ठेवा. साथीच्या काळात दिवसातून किमान एकदा बघायचंच, कोणी पॉझिटिव्ह निघालं की प्रत्येक शिफ्टला.

टेस्ट कधी, कोणाची, कुठली

२०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका केअर होममध्ये लक्षणं असोत नसोत, रहिवाशांची आठवड्याच्या अंतराने दोनदा टेस्ट केली होती. तपासलेल्या ७६ पैकी ४८ जण पॉझिटिव्ह निघाले आणि त्यातल्या २७ जणांना स्वॅब घेतला त्या दिवशी कसलंही लक्षण नव्हतं, बहुतेकांना ती पुढच्या काही दिवसांत आली. माझ्या मते या कामात लक्षात ठेवावा असा हा एकच आकडा आहे, कारण तो सांगतो की फक्त आजारी दिसणाऱ्यांची टेस्ट करून उपयोग नाही. एक जरी पॉझिटिव्ह निघाला, रहिवासी असो की स्टाफ, तर संपर्कात आलेल्या सगळ्यांची टेस्ट, आणि संपर्क नीट सांगता येत नसेल तर अख्ख्या मजल्याची. अख्ख्या म्हणजे अख्ख्या, रात्रीचा वॉचमन आणि सफाईवालेसुद्धा.

कोविडसाठी संपर्काचा दिवस शून्य धरून पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी अशा तीन टेस्ट करायच्या. लगेच केलेली एकच टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं होत नाही, विषाणू वाढायला वेळ लागतो. रॅपिड अँटीजेनचा, म्हणजे जागेवरच किटने होणाऱ्या टेस्टचा, फायदा हा की पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळतं आणि तेवढ्यात माणूस वेगळा करता येतो, तोटा हा की सुरुवातीला चुकते, म्हणून लक्षणं असून रॅपिड निगेटिव्ह आली तर पीसीआर (लॅबमध्ये पाठवायची टेस्ट) करा नाहीतर ४८ तासांनी परत रॅपिड, आणि तोवर तो माणूस पॉझिटिव्ह आहे असंच धरून चाला. पीसीआर जास्त पकडते, पण रिपोर्ट यायला तीन दिवस लागणार असतील तर साथ पसरायची ती पसरूनच जाते. आणखी एक, बरं झालेल्या माणसाची पीसीआर पुढे ९० दिवसांपर्यंतही पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा बरं वाटत असलेल्या माणसाची उगाच पीसीआर करून त्याला परत खोलीत कोंडू नका.

किटवर लिहिलेला वेळ पाळा. आधी वाचली तर चुकते, तासाभराने वाचली तरी चुकते. पुसट रेघ आली तरी ती पॉझिटिव्हच. मी घड्याळ लावते आणि प्रत्येक किटवर पेनाने खोली नंबर आणि वेळ लिहिते, कारण टेबलावर बारा किट ओळीने पडली की कुठलं कोणाचं ते कळत नाही.

स्मृतिभ्रंश असलेल्यांचा स्वॅब घेणं हे सगळ्यात अवघड. पूर्ण पीपीई (गाऊन, मास्क, चष्मा, ग्लोव्हज) घालून अनोळखी माणूस समोर आला की ते घाबरतात, मारतात, रडतात, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही. ओळखीच्या माणसानेच घ्या. आधी लांबून चेहरा दाखवा, नाव सांगा, खुर्चीत बसवा, मान मागे टेकू द्या, दुसऱ्या कोणीतरी हात हातात धरा, आणि नाकाच्या पुढच्या भागातूनच घेता येणारं किट असेल तर तेच वापरा. नाही म्हणाले तर थांबा, अर्ध्या तासाने परत जा. दोघा-तिघांनी मिळून डोकं धरून स्वॅब घेतलेला मी पाहिलाय, त्यानंतर ते आजोबा कितीतरी दिवस कोणालाही जवळ येऊ देत नव्हते, औषधालासुद्धा.

पॉझिटिव्ह आल्यावरचे पहिले दोन तास

त्या माणसाला एकट्याची खोली द्या, दार लावा, खिडकी उघडा. खोलीतल्या जोडीदाराला घाईघाईत तिसऱ्या कोणाच्या खोलीत हलवू नका, ही चूक फार होते, तो आधीच संपर्कात आलेला असतो आणि आपणच त्याच्याबरोबर आजार पुढच्या खोलीत नेतो. त्याला एकटं ठेवता येत नसेल तर आहे तिथेच ठेवा, मध्ये अंतर, पडदा, हवा खेळती, आणि टेस्ट चालू. पॉझिटिव्ह असलेल्या खोल्यांना वेगळा स्टाफ. ते नाहीच जमलं तर फेरी आधी निगेटिव्ह खोल्यांची आणि शेवटी पॉझिटिव्ह खोल्यांची.

डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा, उद्या नको. कोविडची तोंडाने घ्यायची औषधं लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांत सुरू करावी लागतात, आणि त्यातली काही इतर औषधांशी जमत नाहीत म्हणून गोळ्यांची पूर्ण यादी हाताशी ठेवा. फ्लू असेल तर वेगळा हिशोब, ७२ तासांत दोघे आजारी पडले आणि एकाचा जरी फ्लू टेस्टमध्ये पक्का झाला तर आजारी नसलेल्या रहिवाशांनाही प्रतिबंधक औषध देतात, किमान दोन आठवडे. म्हणून टेस्ट करताना दोन्हीची करा, फक्त कोविडची नाही.

घरच्यांना तुम्हीच फोन करा, मेसेज टाकून मोकळे होऊ नका.

आणि स्टाफचं. खोकणारा माणूस कामावर येतो कारण सुट्टी घेतली तर पगार कापला जातो, एवढं साधं कारण आहे. आजारपणाची भरपगारी सुट्टी नसेल तर बाकीचे सगळे नियम कागदावर राहतात. दोन-दोन ठिकाणी काम करणाऱ्यांकडूनही आजार इकडून तिकडे जातो, त्यांना एकाच ठिकाणी पुरेसं काम आणि पैसे देणं हा पण इन्फेक्शन कंट्रोलच आहे, मॅनेजमेंटला हे सांगताना लाजू नका.

पीपीई घालताना हात धुवून गाऊन, मास्क, चष्मा, शेवटी ग्लोव्हज. काढताना ग्लोव्हज, गाऊन, हात स्वच्छ, मग चष्मा, सगळ्यात शेवटी खोलीच्या बाहेर येऊन मास्क, आणि परत हात. लागण होते ती बहुतेक काढताना, दमलेलो असतो तेव्हा. एन-९५ घातल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडून बघा, कडेने हवा डोळ्यांकडे गेली तर तो बसलेला नाही.

हवा, हात, फरशी

हवेकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. तासाला सहा वेळा हवा बदलत असेल तरी हवेतले ९९ टक्के कण जायला साधारण ४६ मिनिटं लागतात, त्यामुळे पेशंट खोलीतून गेला की लगेच आत जाऊन विनामास्क साफसफाई नको. समोरासमोर दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, जमलं तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर हॉलमध्ये ठेवा, ८०० पीपीएमच्या वर गेला की खिडक्या उघडा नाहीतर लोक कमी करा.

सॅनिटायझर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६० सेकंद. जुलाब-उलट्यांची साथ असेल तर सॅनिटायझरवर भरवसा नको, साबणच. फरशी आणि दाराच्या कड्यांसाठी ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर २० मिली ब्लीच ९८० मिली पाण्यात, रोज ताजं, पुसल्यावर किमान एक मिनिट ओलं राहू द्या. टॉयलेट क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. ग्लोव्हज घालून एका आजींकडून दुसऱ्या आजींकडे जाऊ नका, ग्लोव्हज म्हणजे स्वच्छ हात नव्हेत.

भेटी

२०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेत १३ तारखेला आणि नेदरलँड्समध्ये २० तारखेला केअर होममधल्या भेटी जवळजवळ पूर्ण बंद झाल्या. तेव्हा लस नव्हती, किट नव्हती, मास्क पुरत नव्हते, त्यामुळे तेव्हाची भीती मला कळते. पण त्याच नेदरलँड्समध्ये ११ मेपासून २६ ठिकाणी प्रत्येक रहिवाशाला एक ठरलेला भेटणारा, नियम शिकवून, असा प्रयोग केला आणि पहिल्या तीन आठवड्यांत तिथे नवीन लागण झाली नाही. आता तर आपल्या हातात कितीतरी जास्त गोष्टी आहेत.

आमच्या इथे एक आजोबा काचेपलीकडच्या बायकोशी बोलायचा प्रयत्न करत होते, कानाला कमी ऐकू येतं, तिच्या तोंडाला मास्क म्हणून ओठ दिसेनात. त्यांनी काचेवर हात ठेवला, मग काच ढकलली, मग माझ्याकडे वळून विचारलं, ती आत का येत नाही, रागावलीये का. ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्या महिन्यात त्यांनी खाणं खूप कमी केलं.

तर भेट अशी ठरवा. आदल्या दिवशी फोनवर विचारा ताप, खोकला, घरात कोणी आजारी, गेल्या १० दिवसांत पॉझिटिव्ह, असेल तर भेट पुढे ढकला आणि पुढची तारीख त्याच फोनवर द्या. साथ चालू असेल तर दारात रॅपिड टेस्ट, बसायला खुर्ची, खर्च त्यांच्या डोक्यावर नको. हात धुवून, चांगला मास्क लावून सरळ खोलीत, मधल्या हॉलमध्ये सगळ्यांना भेटत नाही. खिडकी उघडी. मिठी मारू द्या, हात धरू द्या. ऐकू कमी येत असेल तर पारदर्शक मास्क किंवा पाटी-खडू द्या. जो मुलगा किंवा मुलगी रोज येऊन भरवते तिला पाहुणी धरू नका, तिला स्टाफसारखंच ट्रेनिंग, स्टाफसारखीच टेस्ट, आणि साथीतही आत यायचा हक्क. रहिवासी पॉझिटिव्ह असेल तरीही धोका समजावून, एन-९५ आणि गाऊन देऊन भेट होऊ शकते. आणि शेवटचे दिवस असतील तर कुठलाच नियम दाखवून अडवायचं नाही, पीपीई घालायला मदत करायची आणि आपण खोलीबाहेर थांबायचं.

व्हिडिओ कॉल जरूर करा, पण प्रत्यक्ष भेटीच्या जागी नको.

शेवटचा नवीन पॉझिटिव्ह निघाल्यापासून १४ दिवस कोणी निघालं नाही की साथ संपली धरतात. पॉझिटिव्ह रहिवाशाला साधारण १० दिवस वेगळं ठेवायचं, आजार गंभीर असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर २० दिवसांपर्यंत, ते डॉक्टर ठरवतील. आम्ही नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर कॅलेंडर लावून रोज एक खूण करतो. एकदा बाराव्या दिवशी एक केस निघाली, खुणा पुसून परत एकपासून सुरुवात केली, पण त्या दिवशीच्या ठरलेल्या चार भेटी आम्ही रद्द केल्या नाहीत, चौघांना दारात मास्क दिले, टेस्ट केली आणि आत सोडलं.