मीटर फिरतो, गुंड भरत नाही

पहिल्याच कामात मी टेकाडावरच्या २० घरांवर पाणी ओढल्याचा ठपका ठेवला. ती घरं निर्दोष होती. आजही त्या मोहल्ल्यातून जाताना माझी मान खाली जाते.

गावच्या नळयोजनेवर मोजणीचं काम नुकतंच हाती घेतलेल्यांसाठी हे लिहितेय. जलजीवन मिशन, माणशी रोज ५५ लिटर, मीटर कसा वाचायचा, हे सगळं तुम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेलच. नळ यायच्या आधी पाइपात काय भरलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. एक दिवसाआड, सकाळी पाऊण तास नळ. खालच्या मोहल्ल्यात वापर माणशी ४८ लिटर निघाला, टेकाडावर ५७. लाइनच्या शेवटाला, चढावर, जिथं धार करंगळीएवढी, तिथं वापर जास्त कसा? हा प्रश्न पडायला हवा होता. मला पडलं ते उत्तर : टिल्लू पंप, म्हणजे नळाला जोडून पाणी ओढणारी छोटी मोटर, लावत असतील. अहवालात तसं लिहिलं आणि ग्रामपंचायतीनं नोटिसा काढल्या.

पुढच्या पाळीला एका आजीनं हाताला धरून नळापाशी नेलं. वॉलमननं, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसानं, खाली व्हॉल खोलला. नळातून नुसती फुसफुस आणि मीटरची चकती गरगर फिरतेय. खाली पितळेचा गुंड, म्हणजे पाणी भरायचं भांडं, ठणठणीत कोरडा. "पाह्य माय, मीटर फिरते. गुंड भरते काय?"

आता हे नीट समजून घ्या, कारण मी इथंच फसले. नळ गेला की लाइनमधलं पाणी खालच्या घरांतून आणि गळतीतून निघून जातं, पाइप रिकामा होतो आणि त्यात हवा शिरते. पुढच्या पाळीला पाणी ती हवा ढकलत येतं. हवेला वाट कुठं? उंचावरच्या, शेवटच्या नळांना, त्यातही ज्यांना तोटीच नाही त्यांना. आपल्याकडं घरोघरी बसवलेल्या मीटरांत आत चक्री असते. ती पाण्यानं फिरते तशीच हवेनंही फिरते, उलट हवेनं जास्तच सुसाट. हिशेब करून बघा. पाइप आतून ५५ मिलिमीटर, लांबी ८०० मीटर, म्हणजे पोटात साधारण १,९०० लिटर. ही सगळी हवा २० घरांतून निघाली तर घरामागं ९५ लिटर. घरात पाच माणसं आणि पाळी दोन दिवसांची धरली, तर माणशी रोज साडेनऊ लिटर हवा! मी लोकांना हवा प्यायला लावली होती.

खूण आधीच समोर होती. घरच्या मीटरांची बेरीज टाकीखालच्या मोठ्या मीटरपेक्षा जास्त येत होती. असं होऊच शकत नाही. मी मोठा मीटर बिघडलाय असं धरून एक्सेलमध्ये गुणक लावला. असा गुणक लावायचा मोह झाला की लॅपटॉप बंद करा आणि नळापाशी जाऊन उभ्या राहा.

तेव्हापासून मी तीन वेळा वाचते : व्हॉल खोलायच्या आधी, धार भरीव झाली की, आणि नळ गेल्यावर. पहिल्या दोनमधला फरक हवेचा. नळ गेल्यावर थोडं थांबूनही बघा, खाली ओढ लागली की चढावरचा मीटर उलटा फिरतो. शंका आली तर बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. खरा इलाज म्हणजे लाइनच्या उंच जागी हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल. तो कागदावर होता, जमिनीत नव्हता.

सांडपाण्याचं थोडक्यात. माझे वरिष्ठ म्हणायचे, "वापराच्या ८० टक्के लावून टाक." तो आकडा गटारजाळं असलेल्या शहराचा. इथं एक बैलजोडी दिवसाला शंभर लिटर सहज पिते, सडा पडतो, परसातल्या वांग्यांना मोरीचं पाणी जातं. त्यात नळ आला की बाया रांजणातलं शिळं पाणी नालीत ओततात. म्हणून नळाच्या सकाळी नालीला पूर, दुसऱ्या दिवशी ओल. एका सकाळच्या मोजणीवर शोषखड्ड्याचं, म्हणजे सांडपाणी जिरवायच्या खड्ड्याचं, माप काढू नका, पूर्ण पाळी मोजा. पोळ्याचा आठवडा टाळा. प्रवाह मोजायला नालीत व्ही आकाराच्या खाचेची पाटी लावणार असाल तर खाचेतल्या पाण्याची उंची वाचताना पट्टी डोळ्याच्या रेषेत धरा. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून जास्त होतो, म्हणजे उंचीतली बारीक चूकही मोठी होऊन बसते. आणि काळ्या मातीत शोषखड्डा खोदायच्या आधी खड्ड्यात पाणी ओतून किती वेळात जिरतं ते बघाच. आपली माती एकदा फुगली की पाणी गिळत नाही, मग त्या खड्ड्यात डासच होतात.

गुरू करायचाच तर वॉलमनला करा. कुठल्या चौकात पहिली तोटी उघडते, कुठं उन्हाळ्यात माती भेगाळली की जोड निसटतो, हे त्याला नकाशाशिवाय ठाऊक असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तयार अहवाल फिरवणारे सल्लागार मला अजिबात पटत नाहीत. गावाचं नाव बदललेलं असतं, आकडे तेच.

पहिले पंधरा दिवस तुमचेही आकडे वेडेवाकडेच येतील. येऊ द्या, खोडू नका. मी खोडले होते, म्हणून नोटिसा मागं घ्यायची वेळ आली तेव्हा दाखवायला जुनी वहीच नव्हती. आजीच्या नळावर पुन्हा तीन पाळ्या मोजून द्याव्या लागल्या. चहा तिनंच पाजला.