रन म्हणजे नुसतं पळणं नव्हे, वाक्यात कसं ओळखायचं ते सांगतो

शाळेत आपण रन म्हणजे पळणे एवढंच पाठ केलं आणि तिथंच अडकलो. सोलापुरात टॉवेल-चादरीच्या धंद्यात मी नवीन होतो तेव्हा बाहेरच्या एका पार्टीनं मेलवर विचारलं, "विल द कलर रन?" मला वाटलं रंग चालेल का, टिकेल का असं विचारतायत, मी लगेच "येस" लिहून मोकळा झालो आणि ऑर्डर हातची गेली. त्यांना विचारायचं होतं, धुतल्यावर रंग सुटतो का.

तेव्हापासून मी एकच करतो, रन दिसला की आधी बघायचं की कशाबद्दल बोलणं चाललंय. माणूस नाहीतर कुत्रं असेल तर बहुतेक पळणंच. मशीन, दुकान, बस असेल तर आपलं चालणं घालून बघा, लगेच बसतं. द लूम इज रनिंग, माग चालू आहे. शी रन्स अ मेस, ती मेस चालवते. द बस रन्स टू अक्कलकोट, बस अक्कलकोटला जाते.

पातळ काही असेल तर वाहणं, पसरणं. नाक, नळ, आणि रंग. कपड्यावाल्यांनी हे नीट धरा. कलर रन होतो म्हणजे ओला झाल्यावर सुटून शेजारच्या पांढऱ्यात उतरतो, आणि पक्क्या रंगाला म्हणायचं फास्ट! रन आणि फास्ट दोन्ही पळापळीचे शब्द वाटतात पण रंगाच्या बाबतीत एकदम उलटे, माझ्यासारखे किती जण इथं फसत असतील.

मग रनच्या पुढचा छोटा शब्द बघा. वी रॅन आउट ऑफ शेंगा चटणी म्हणजे चटणी संपली, क्रिकेटचा रन आउट वेगळा. आय रॅन इंटू हिम म्हणजे तो अचानक भेटला, पण गाडी भिंतीत रन इंटू झाली तर धडकलीच. रन फॉर मेयर म्हणजे महापौरपदासाठी उभं राहणं. आणि हॅवनंतर रॅन नाही, परत रनच, वी हॅव रन आउट.

सगळे अर्थ पाठ करायच्या नादी लागू नका, ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीवाल्यांनी क्रियापदाचेच ६४५ मोजलेत.

आता रंगाचं कुणी विचारलं की आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं तुकडा घासून बघतो, फडकं स्वच्छ राहिलं तरच लिहितो, "द कलर इज फास्ट, इट विल नॉट रन", आणि त्या फडक्याचा फोटो जोडतो.