घरच्या इंटरनेटचा आयपी ॲड्रेस: कोण देतं, कधी बदलतो, कसा बदलायचा

आयपी (इंटरनेटवर तुमची जोडणी ओळखणारा आकडा) बदलायचा म्हणून राउटर दहा वेळा बंद-चालू करण्याआधी, मिळालेला आयपी तुमचा एकट्याचा आहे का, ते बघा. कोल्हापुरात राजारामपुरी असो नाहीतर कसबा बावडा, घरोघरी आलेल्या फायबरवर तो अनेकदा सामायिक असतो. अशा वेळी पुढचे निम्मे उपाय लागूच पडत नाहीत.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. फोन वायफायवर ठेवा, मोबाइल डेटा आणि व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरमार्गे जाणारी खाजगी जोडणी) बंद करा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरखालच्या स्टिकरवर पासवर्डसकट छापलेला असतो. आत 'स्टेटस' पानावर 'वॅन' (राउटरची बाहेरची, कंपनीकडची बाजू) खाली जो आयपी दिसेल तो लिहून घ्या. मग आयपी दाखवणारी कुठलीही वेबसाइट उघडून तिथला आयपी बघा. तिथे कोलन असलेला लांबलचक आकडा दिसला तर तो आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा आयपी. तुलना चार आकड्यांच्या आयपीव्ही४ चीच करायची.

दोन्ही सारखे असतील तर पब्लिक, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटला दिसणारा, आयपी तुमच्या राउटरवरच आहे. वॅनचा आयपी १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकाच पब्लिक आयपीमागे बरेच ग्राहक. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही कंपन्या त्याऐवजी १० ने सुरू होणारा आयपी देतात. वॅनवर १९२.१६८ दिसला तर मात्र घाई करू नका: कंपनीच्या ओएनटी डब्यामागे (ज्यात फायबरची वायर येते) तुम्ही स्वतःचा राउटर लावला असेल, तर तो आकडा त्या डब्याने दिलेला असतो. मग खरा वॅन आयपी ओएनटीच्या पानावर बघावा लागतो.

आता आयपी बदलतो कधी, ते जोडणीच्या प्रकारावर ठरतं. वॅन सेटिंगमध्ये 'पीपीपीओई' (लॉगिन करून जोडणारी पद्धत) लिहिलेलं असेल आणि युजरनेम-पासवर्ड भरलेला असेल, तर प्रत्येक नव्या सेशनला कंपनीचा सर्व्हर आपल्या साठ्यातला मोकळा आयपी देतो. वळवाच्या पावसात लाईट गेली, राउटर बंद पडला, परत आली की बहुधा नवा आयपी. 'डीएचसीपी' (लॉगिनशिवाय आपोआप आयपी देणारी पद्धत) असेल तर आयपी ठरावीक मुदतीच्या भाड्याने मिळतो. निम्मी मुदत झाली की राउटर स्वतःहून ती वाढवून घेतो, त्यामुळे तोच आयपी महिनोन्‌महिने टिकू शकतो. राउटर दोन मिनिटं बंद ठेवून काही होत नाही, कारण मुदत संपेपर्यंत सर्व्हर तुमच्या राउटरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा ओळख-क्रमांक) विसरत नाही.

पीपीपीओईवर बदल हवा असेल तर राउटरच्या पानावरून 'डिसकनेक्ट' करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग 'कनेक्ट'. सरळ वायर उपटलीत तर जुनं सेशन सर्व्हरवर अडकून राहू शकतं, आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जातं. थोडं थांबून सुटलं नाही, तर ऑपरेटरला फोन करून 'सेशन क्लिअर करा' एवढंच सांगा. रीसेटचं बारीक छिद्र टोचू नका. युजरनेम-पासवर्ड पुसला जातो आणि मग माणूस घरी येईपर्यंत नेट बंद.

डीएचसीपीवर आधी राउटरच्या पानावर 'रिलीज' (आयपी सोडून देणं) दाबून बघा. तोच आयपी परत आला तर राउटर रात्रभर बंद ठेवा किंवा वॅनचा मॅक बदला. पण ऑपरेटरने मॅक बांधून ठेवला असेल तर मॅक बदलताच नेट बंद पडेल. जुना मॅक आधी लिहून ठेवा. कॉम्प्युटरवर आयपी रिलीज करून फक्त घरातला १९२.१६८ वाला आकडा बदलतो, बाहेरचा नाही.

सीजीनॅटमागे तुम्ही काहीही केलंत तरी पब्लिक आयपी कंपनीच्या हातात. एखाद्या वेबसाइटने आयपी ब्लॉक केला असेल तर कारण तुमच्या गल्लीतलाच दुसरा ग्राहकही असू शकतो. पोर्ट फॉरवर्डिंगही (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक यंत्राकडे पाठवणं) इथे चालत नाही. घरच्या कॅमेऱ्यांचं चित्र उद्यमनगरातल्या कारखान्यात बसून बघायचं असेल, तर डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याची) क्लाउड सोय किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन वापरा. डायनॅमिक डीएनएस (बदलता आयपी एका ठरलेल्या नावाला जोडणारी सोय) घेऊ नका. ते बदलत्या पण स्वतःच्या पब्लिक आयपीसाठी असतं.

कायम तोच आयपी हवा असेल तर स्टॅटिक आयपी मागा. सहसा तो वेगळे पैसे भरून मिळतो. मागताना 'स्टॅटिक पब्लिक आयपीव्ही४ हवा' असंच स्पष्ट बोला, नाहीतर १० ने सुरू होणारा न बदलणारा आयपी गळ्यात पडेल. मिळाल्यावर वर सांगितलेली तुलना पुन्हा करा. डीव्हीआरला राउटरमध्ये घरातला आयपीही राखून द्या, नाहीतर लाईट गेल्यावर तो बदलेल आणि पोर्ट भलत्याच यंत्राकडे जाईल. पोर्ट उघडण्याआधी डीव्हीआरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अखंड चालू असतात.

वेबसाइटवर तुमचं गाव कोल्हापूरऐवजी पुणे किंवा मुंबई दिसत असेल तर काही बिघडलेलं नाही. आयपीचा साठा ज्या शहराच्या नावावर नोंदलेला असतो, तेच नाव तिथे दिसतं.