वर्गात ऑनलाइन व्हाइटबोर्ड कसा वापरायचा: नद्यांचा एक तास

खडूच्या फळ्यावर एका वेळी एकच मूल लिहितं, बाकीचे बघत बसतात, आणि हात वर करणारी मुलंही दर तासाला तीच चार-पाच. ऑनलाइन व्हाइटबोर्डवर सगळा वर्ग एकदम लिहू शकतो, जे मूल कधी तोंड उघडत नाही त्याचंही उत्तर समोर दिसतं, म्हणून मला तो आवडतो. पण आधीच सांगते, कोरा बोर्ड मुलांच्या हातात द्यायचा नाही. दिलात तर पाच मिनिटांत रेघोट्या, स्मायली आणि एकमेकांची नावं एवढंच उरतं आणि मग आपण म्हणतो की हे काही आपल्या शाळेत चालणार नाही. खरी मेहनत तासाच्या आदल्या दिवशी असते.

भूगोलातल्या नद्यांचं उदाहरण घेऊन सांगते, विषय तुम्ही कुठलाही घ्या.

आधी प्रश्न ठरवा

"महाराष्ट्रातल्या नद्यांची माहिती लिहा" असला प्रश्न बोर्डवर चालत नाही, मुलं पुस्तकातलं उतरवून काढतात. प्रश्न असा हवा की ज्यावर गटागटांत मतं फुटतील. मी घेते तो असा: या नदीचं पाणी शेवटी कुठे जातं, अरबी समुद्रात की बंगालच्या उपसागरात?

कुठला बोर्ड घ्यायचा

पूर्वी बरेच शिक्षक गुगलचा जॅमबोर्ड वापरायचे, तो 2024 च्या शेवटी बंद झाला. आता मायक्रोसॉफ्ट व्हाइटबोर्ड, फिगजॅम, कॅनव्हाचा व्हाइटबोर्ड असे पर्याय आहेत, शाळेने मुलांना अकाउंट काढून दिलेली असतील तर यातलं काहीही घ्या. नसतील तर माझं मत सरळ एक्सकॅलिड्रॉला. फुकट आहे, ब्राउझरमध्ये उघडतो आणि लॉगिन लागत नाही. लॉगिन नको हा मुद्दा मी फार महत्त्वाचा मानते, कारण 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते असं म्हटलंय, आणि कायदा बाजूला ठेवला तरी लहान मुलांची नावं आणि ईमेल दहा ठिकाणी कशाला द्यायची. बोर्डवर नावाच्या जागी "गट 3" नाहीतर हजेरी नंबर लिहायला सांगा.

बोर्डाची आखणी, इथे वेळ द्या

लॅबमध्ये प्रत्येक मुलाला कॉम्प्युटर मिळणं अवघडच, तर तीन-चार जणांचा गट आणि गटाला एक कॉम्प्युटर नाहीतर टॅब. जेवढे गट तेवढ्या मोठ्या चौकटी बोर्डवर काढायच्या, प्रत्येकीला वेगळा रंग आणि वर ठळक गट नंबर. प्रत्येक चौकटीत दोन रकाने, डावीकडे "अरबी समुद्र", उजवीकडे "बंगालचा उपसागर", आणि खाली एक छोटी पट्टी "आमच्यात एकमत नाही" म्हणून. ही पट्टी गाळू नका, ती नसली की मुलं अंदाजपंचे कुठेतरी कार्ड टाकून मोकळी होतात.

मग नद्यांची कार्डं. एक्सकॅलिड्रॉमध्ये चौकोन काढून त्यात डबल क्लिक केलं की आत टाइप करता येतं. गोदावरी, वैतरणा, कृष्णा, सावित्री, कोयना, वैनगंगा, तापी, पूर्णा. एका गटाचा संच तयार झाला की सिलेक्ट करून कॉपी-पेस्ट, बाकीच्या चौकटी दोन मिनिटांत होतात. कार्डं आपणच टाइप करून ठेवली की मुलांना फक्त सरकवायची असतात, मराठी टायपिंगमध्ये अर्धा तास जात नाही. आठवी-नववीला कारण पण लिहून घ्यायचं असेल तर विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड सुरू करून ठेवा, मोबाइल किंवा टॅबवर जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डचं मराठी चालतं.

शेवटी चौकटी आणि शीर्षकं सिलेक्ट करून राइट क्लिक, लॉक. नाहीतर कुणाचं तरी बोट लागतं आणि अख्खा रकाना भलतीकडे जातो. लॉक मुद्दाम उघडलं तर उघडतं, पण चुकून काही हलत नाही आणि आपल्याला तेवढं पुरे. कार्डं मात्र लॉक करू नका. आणि ही तयार फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर सेव्ह करून ठेवा, तासात कुणी सगळं पुसलं तरी परत उघडता येते.

लिंक द्यायची

एक्सकॅलिड्रॉच्या शेअरमधून लाइव्ह सेशन, म्हणजे सगळ्यांनी एकाच बोर्डवर लिहायची सोय, सुरू केलं की लिंक मिळते. ती लांबलचक असते, मुलांनी हाताने टाइप करायची म्हटलं तर एक अक्षर चुकलं की भलताच बोर्ड, म्हणून लॅबमध्ये तास सुरू व्हायच्या आधी मीच सगळीकडे उघडून ठेवते. टॅब असतील तर क्रोममध्ये त्या लिंकचा क्यूआर कोड बनवता येतो, तो पडद्यावर लावा. नेट बेताचं असेल तर बोर्डवर फोटो टाकू नका, नुसत्या अक्षरांना आणि चौकोनांना फारसा डेटा लागत नाही.

तास घेताना

पहिली पाच मिनिटं खेळू द्या, मनापासून सांगते. बोर्डच्या एका कोपऱ्यात "इथे काहीही काढा" अशी जागा ठेवायची, मुलांचा हात बसतो आणि उत्सुकता भागते, मग ती कामाला लागतात. नियम दोनच सांगायचे, दुसऱ्या गटाच्या चौकटीत जायचं नाही आणि चुकलं तर कंट्रोल झेड, म्हणजे शेवटचं केलेलं मागे घ्यायचं.

मग दहा मिनिटं कार्डं लावायला. या वेळात आपण बोलायचं नाही, पडद्यावर बघत राहायचं, कोण कुठलं कार्ड इकडून तिकडे नेतंय ते दिसत असतं. वेळ संपली की हात कीबोर्डवरून खाली.

आता चर्चा, आणि सगळ्यात जास्त वेळ हिला द्या. जिथे सगळ्यांचं सारखं आलंय ते सोडून द्यायचं, जिथे मतं फुटलीत तिथे झूम करायचं. गोदावरी आणि वैतरणा दोन्ही त्र्यंबकच्या डोंगरातल्या, पण एक पूर्वेला जाते आणि एक पश्चिमेला, कृष्णा आणि सावित्रीचं महाबळेश्वरला तसंच, हे मुलांना आपसूक दिसतं कारण कार्डं समोरासमोर पडलेली असतात. कोयनेवर वाद होतोच, ती आधी दक्षिणेला वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. तापी बहुतेक गट उजवीकडे टाकतात कारण "घाटाच्या अलीकडची नदी पूर्वेला" असा नियम मुलांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. ती खानदेशातून सुरतेकडे जाते हे नकाशावर बोट ठेवून बघितल्यावर तो नियम सैल होतो. उत्तर आपण सांगायचं नाही, ज्या गटाने वेगळं टाकलंय त्याला कारण विचारायचं.

आणि पूर्णा! एका गटाने डावीकडे टाकली, एकाने उजवीकडे, दोघेही हटायला तयार नाहीत, आणि दोघेही बरोबर असतात. विदर्भातली पूर्णा तापीला मिळते आणि मराठवाड्यातली गोदावरीला. हे कार्ड मी मुद्दाम ठेवते. अशा वेळी एरवी गप्प बसणारं एखादं मूल "आमच्या मामाच्या गावची वेगळी आहे" म्हणत उठून नकाशाकडे जातं, तेव्हा त्याला बोलू द्या, घंटा झाली तरी.

चर्चेनंतर तीन-चार मिनिटं कार्डं परत हलवायला द्या, आधीचा फोटो काढून ठेवला असेल तर मुलांना आपलं काय बदललं ते शेजारी शेजारी दाखवता येतं.

सेव्ह करणं

सेशन बंद करायच्या आधी इमेज एक्स्पोर्ट करा आणि मूळ फाइल पण सेव्ह करा, दोन्ही. बोर्ड कंपनीच्या भरवशावर ठेवायचा नाही, जॅमबोर्डसारखा तो उद्या बंदही होऊ शकतो. सेशन थांबवलं की फक्त आपण बाहेर पडतो, जुनी लिंक असलेल्या मुलांना तिथे पुढेही लिहिता येतं, पण आपल्या सेव्ह केलेल्या फाइलला धक्का लागत नाही. इमेजची प्रिंट वर्गात लावा, पुढच्या तासाला भीमा आणि उल्हास मुलांना पेनाने त्याच प्रिंटवर लिहायला सांगा.